दोनशे बारा सोंडे

माह्या घरच्या गव्हाले चाळीस वर्षांत कधी सोंडा किडा लागला नाही. कडक ऊन अन् कडुनिंबाचा पाला. किन्हीराजातल्या अर्ध्या बाया माह्यापासून शिकल्या. अन् माह्याच नातीनं, निकितानं, काचेच्या बरणीत मूठभर गव्हावर सोंडे पाळले.

गणित, कॉम्प्युटर अन् किडे, तिन्ही एकात कालवून तिची पीएचडी.

"तीन विषयांचे मास्तर तुह्ये तीन, अन् घाण माह्याच सैपाकघरात काहून व?"

"आजी, उद्या किती सोंडे असतील ते माह्यं गणित आज सांगते. खऱ्या घरात तीस दिवस आकडा जुळला पाह्यजे. एक दिवस चुकला, त चार वर्षं पाण्यात."

रोज सकाळी ती पांढऱ्या फडक्यावर बरणी पालथी करे अन् कोंबडीच्या पिसानं एकेक सोंडा सारून मोजे. आकडा जुळे. त्या कुबट वासापायी माह्या नाकाले पदर राहे.

पंचविसाव्या दिवशी मी चिमटीनं अकरा सोंडे कोंबड्यांले टाकले. दुसऱ्या दिवशी आकडा जुळलाच. म्हनलं, पिल्लं निघाली असतील.

मंग शेजारची देवला जेवाले आली. तिच्या पोळीत सोंडा निघाला.

"तुमच्या घरी बी, तुळसाबाई?" म्हने, अन् पदरात हसली.

एकोणतिसाव्या दिवशी निकिता वाशीमले गेली. मी साऱ्या बरणीवर उकळतं पाणी ओतलं. घासून उन्हात पालथी घातली. रडंल त रडू दे.

तिसाव्या दिवशी निकितानं रिकामी बरणी पाह्यली. रडली नाही. कॉम्प्युटर म्हनत होता दोनशे बारा.

तिनं मिठाचा डबा उघडला. मिठात सोंडे वळवळत होते. मिठात सोंडा जगत नाही, लेकराले बी ठाऊक.

मंग कुंकवाचा करंडा. मंग माह्या उशीची शिवण.

फडक्यावर दोनशे अकरा झाले.

"आजी, एक कमी हाय."

तवाच माह्या दाढेमागून काही तरी चाललं. बारीक पाय. मी ओठ मिटले.

"आजी, तोंड उघड."

तिची चार वर्षं माह्या जिभेवर होती. पण तुळसाबाईच्या तोंडातून सोंडा निघाला म्हनून गावात झालं असतं.

मी गिळला. मंग तोंड उघडून दाखवलं. साफ.

निकितानं वहीत दोनशे बारा लिहिलं.

"आतला बी मोजा लागते," म्हने. बरणीसाठी नवी चिठ्ठी लिहिली, अन् हळूच माह्या मनगटाले चिकटवली.