नावातलं कापलेलं अक्षर

हे खरं आहे. लालबागला, आमच्याच चाळीत, तिसऱ्या मजल्यावर घडलंय. हसायचं असेल तर हसा. मी दहावीत आहे आणि घाबरट तर मुळीच नाही, वर्गात कुणालाही विचारा!

गेल्या ऑक्टोबरातली शनिवारची संध्याकाळ. अख्ख्या गल्लीचे लाइट गेलेले. वरददादा, माझा सख्खा भाऊ, लॅपटॉपवर स्वतःचं ॲप तपासत होता. आसपासच्या वाय-फायची नावं दाखवणारं.

लाइट नाही, म्हणजे कुणाचंच वाय-फाय नाही.

तरी एक नाव आलं...

‘गॅलरीकडे जा’. आणि शेवटी एक चौकोन. लगेच ॲप बंद.

"हा चौकोन कसला रे?"

"अर्धवट अक्षर. वाय-फायच्या नावाला बत्तीसच घरं असतात, मने. मराठी अक्षराला तीन लागतात, काना-मात्रेलाही तीन, मोकळ्या जागेला एक. शेवटचं अक्षर मावलं नाही, कापलं गेलं. त्यावरच ॲप अडकतंय."

"मग पुढे काय होतं?"

"मला काय स्वप्न पडलंय? खालच्या कार्ट्यांची मस्ती असणार."

त्याने कोड बदलला. अर्धवट अक्षर आलं की फेकून द्यायचं.

‘गॅलरीकडे जा’.

"बघ, चकाचक!" लॅपटॉप घेऊन तो मागच्या गॅलरीकडे निघाला. "मने, रेंज वाढतेय बघ!"

खाली पोरं क्रिकेट खेळत होती...

त्यांचा आवाज एकदम थांबला.

मग लाकूड कडाडलं...

कठड्यासकट गॅलरी खाली गेली. दादाही.

तेरावं झाल्यावर मी एक वाक्य टाइप केलं. ‘गॅलरीकडे जाऊ नको’. घरं मोजली.

‘ऊ’वरच कापलं जातं.

कुणीतरी दादाला अडवत होतं. कोण, ते माहीत नाही.

माझ्या फोनवर त्याचं ॲप आहे. त्याने केलेला तो बदल मी काढून टाकला. चौकोन दिसायलाच हवा.

आज दुपारी पुन्हा लाइट गेलेत. दादा गेल्यापासून आईला झोप नाही. आज गोळीने पहिल्यांदा डोळा लागलाय. जागी असली की ती त्या मागच्या दाराशीच जाते, आणि दाराला नुसती फळी ठोकलीय.

आत्ता नाव आलंय...

‘आईला झोपू दे’.

चौकोन नाही. मी मोजलं. तीनदा मोजलं. बरोबर बत्तीस.

म्हणजे नाव इथेच संपलं असेल.

किंवा पुढे... ‘ऊ नको’ असेल.

मी तिच्या उशाशी बसलेय. तिचा श्वास ऐकतेय. मघापेक्षा सावकाश झालाय... की मलाच तसं वाटतंय?

कुणीतरी सांगा ना. उठवू का?