घर-दोन

सातिवलीतल्या एका गोदामाच्या मालकाकडे, त्याची संगणकयंत्रणा उभी करायला आलेल्या एलिनाने कंटेनरचा विषय काढला, तेव्हा त्याने आधी खिडकीतून फाटकाकडे पाहिले.

"मॅडम, गेटात टेम्पो वळताना मारामार होते. कंटेनर कुठे उभा करणार?"

विघ्नेशने लॅपटॉपच्या आड तोंड लपवले. एलिनाबरोबर काम करणारा हा विरारचा मुलगा गंभीर प्रसंगी हमखास हसत असे. एलिनाने मात्र शांतपणे समजावले. हा कंटेनर लोखंडाचा नव्हे. एखादा प्रोग्राम आणि त्याला लागणारे सगळे सामान एका बंद डब्यात भरायचे. असे काही डबे इथल्या लिनक्स सर्व्हरवर, काही क्लाउडवर ठेवायचे, आणि या साऱ्या यंत्रांची मोट बांधायची. तिला क्लस्टर म्हणतात. या क्लस्टरला एवढेच सांगून ठेवायचे, की अमुक इतके डबे चालू असले पाहिजेत. पुढचे तो पाहतो.

"एखादा बंद पडला तर?"

"तर तो लगेच दुसरा उभा करतो. कोणी सांगायला लागत नाही."

"म्हणजे मेलेला जिवंत होतो म्हणा की!"

"नाही," एलिना म्हणाली. "मेलेला मेलेलाच राहतो. त्याच्या जागी, त्याच्या नावाचा नवा येतो."

हे वाक्य तिचे नव्हते. ते तिला क्लिफर्डने शिकवले होते, आणि क्लिफर्डला जाऊन वर्ष उलटले होते. बाहेर पत्रे कापण्याचे यंत्र किंचाळत राहिले. भावाची वाक्ये आपल्या तोंडी इतकी सहज येतात आणि त्याचा चेहरा मात्र हल्ली आठवावा लागतो, याची खंत तिला त्या आवाजातही ऐकू आली.

भुईगावात त्यांचे घर केळीच्या वाडीत होते. पुढे बावखल, वाडीला पाणी पुरवणारे जुने तळे, आणि त्याच्या हिरव्या पाण्यावर दुपारभर नारळांच्या सावल्या निजलेल्या. मागच्या खोलीत क्लिफर्डने भंगारातून आणलेले जुने संगणक एकमेकांना जोडून घरापुरता एक क्लस्टर उभा केला होता. आत चालणाऱ्या प्रोग्रामचे नाव त्याने 'घर' ठेवले होते. घरात माणसे तीन, म्हणून डबे तीन. मोजणी, या धंद्याच्या रीतीप्रमाणे, शून्यापासून. घर-शून्य आईचा, म्हणजे पॉलिनचा, घर-एक क्लिफर्डचा, घर-दोन धाकट्या एलिनाचा. कोणी फाटकातून आत शिरले, की खिशातला फोन ओळखून तो तो डबा त्या माणसाच्या खोलीतला दिवा लावी, आणि ओटीवरच्या स्पीकरमधून क्लिफर्डचाच आवाज सांगे: "पॉलिन आली." "एलिना आली." आईला नावाने हाक मारायची त्याची हौस त्याने अशी भागवून घेतली होती.

महामार्गावर ट्रकखाली त्याची मोटरसायकल गेली त्यानंतरही 'घर' चालूच राहिले. एलिनाने एकदा ते बंद करायचे काढले, तर पॉलिन दारात येऊन उभी राहिली.

"राहू दे गं. त्याचा आवाज आहे तो."

आणि म्हणून आवाज राहिला. चर्चमधल्या मिस्सावरून परतणाऱ्या पॉलिनला तो रोज घरात घेत असे. सातिवलीहून दमून येणाऱ्या एलिनालाही. फक्त स्वतःचे नाव त्याने वर्षभर घेतले नाही.

पुण्यस्मरणाची मिस्सा झाली, पाहुणे पांगले, आणि त्यानंतरच्या एका तिन्हीसांजेला पॉलिन ओटीवर वाल सोलत असताना स्पीकर म्हणाला, "क्लिफर्ड आला."

मागच्या खोलीतला दिवा लागला. पॉलिनच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग ती उठली आणि कालवण गरम करायला आत गेली. जणू वर्षभर तिने चूल फक्त मंद करून ठेवली होती.

एलिनाने नोंदी पाहिल्या. क्लिफर्डचा फोन घराच्या जाळ्यात आला होता. तो फोन तिच्या कपाटात, पोलिसांनी दिलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत, तुकड्यांच्या रूपात पडून होता. तिने पिशवी उघडून पाहिली. काचेचा चुरा बोटाला लागला, एवढेच.

बिघाड म्हणून तिने घर-एक पुसून टाकला. डोळ्यांदेखत तो पुन्हा उभा राहिला. यात नवल नव्हते. तीन असावेत असे सांगून ठेवले होते, आणि क्लस्टर विचारत नाही, की तिसरा कोण, आणि कशासाठी. तिने पुन्हा पुसला. तो पुन्हा आला, निमूट, पुसण्याची खूण अंगावर न बाळगता.

त्यानंतर क्लिफर्ड रोज येऊ लागला.

दिसे काहीच नाही. पण मागच्या खोलीत पेट्रोलचा आणि ओल्या रेतीचा वास साठू लागला. खुंटीवरचा त्याचा शर्ट एक दिवस या बाजूला असे, दुसऱ्या दिवशी त्या. एकदा एलिना सकाळी खोली झाडायला गेली, तर पलंगावरची मच्छरदाणी सोडलेली होती. तिने ती वर करायला हात घातला आणि थबकली. चारही बाजूंनी मच्छरदाणी गादीखाली खोचलेली होती. आतून खोचतात तशी.

जुलियाना मावशी पपई घेऊन आली ती खरे तर बोलायला आली होती. एलिनाला केळीच्या आडोशाला ओढून ती म्हणाली, "तुझी आई देवळात येत नाही हल्ली. फादर विचारत होते. संध्याकाळ झाली की फाटकात उभी. डोळ्यांच्या ऑपरेशनची तारीख पण मोडली म्हणे?"

"मोडली. 'त्याला कोण वाढणार' म्हणते."

"आणि तू काय करतेस, शिकलेली?"

"मी काय करू, मावशी?"

"सोडव तिला. पोर गेलं ते गेलं. आता हिला पण घालवायचीय का?"

त्या संध्याकाळी एलिना आईसमोर बसली. पॉलिन माशाचे काटे काढून एका बशीत मऊ तुकडे ठेवत होती. क्लिफर्डला लहानपणापासून काटे काढून लागत.

"मम्मी, तो मशीनचा आवाज आहे."

"मग असू दे की. तुझं काय खातंय?"

"तू मिस्साला जात नाहीस. औषध घेत नाहीस. माझ्याशी धड बोलत नाहीस."

पॉलिनने मान वर केली. तिच्या डोळ्यांवरचा पांढुरका पडदा दिव्यात चमकला. "तू असतेसच गं," ती समजूत काढावी तशी म्हणाली. "तो बिचारा येऊन जातो."

तू असतेसच. या दोन शब्दांत कसलाही राग नव्हता, म्हणूनच ते खोल गेले. दिवस उगवतो, विहिरीला पाणी असते, एलिना असते. असणाऱ्याकडे कोण वळून पाहते? नसणे हीच या घरात पाहिले जाण्याची अट झाली होती.

सगळाच क्लस्टर बंद करणे सोपे होते; मागच्या खोलीतला एक प्लग ओढायचा. पण मग तो आवाज कायमचा गेला असता, आणि तेवढी निर्दयता तिच्यात नव्हती. आवाज राहावा, त्याने आईचे आणि तिचे नाव घ्यावे. फक्त जो गेला त्याने येऊ नये. घरात आता माणसे दोन होती. खरे ते लिहायचे होते, इतकेच.

दुसऱ्या दिवशी दुपारी, गोदामाच्या कामात जेवणाची सुटी असताना, तिने लॅपटॉपवरून घरचा क्लस्टर उघडला आणि तीनच्या जागी दोन केले. कळ दाबताना डोळे भरून आले. तिने ते पुसले.

विघ्नेश डबा उघडत मागून डोकावला. "हा कुठला क्लस्टर, बाई? काय कमी केलंस?"

"घरचा. एक जुना डबा काढला."

"जुना?" तो चपातीचा तुकडा हातात धरून स्क्रीन पाहू लागला. "पण हे तर नंबरवाले डबे आहेत. यांत कमी केलं की शेवटचा जातो ना आधी? तूच शिकवलंस मला. वर चहापण माझ्याच पैशांनी प्यायलीस."

एलिनाने स्क्रीनकडे पाहिले.

घर-शून्य, चालू. घर-एक, चालू. यादीत नव्हता तो घर-दोन, तिचा स्वतःचा.

नंबर लावलेले डबे कमी करायला सांगितले, तर ते वरून कमी होतात. जो सर्वांत शेवटी आला, तो सर्वांत आधी जातो. कोण जिवंत आणि कोण नाही, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. हे ती नवख्यांना तोंडपाठ सांगत आली होती. फक्त आज रडत होती.

तिने लगबगीने दोनाचे तीन करायला घेतले. पण बाहेरून त्या घरात शिरण्याची तिची वाट घर-दोनमधूनच जात होती. स्क्रीनवर एकच ओळ आली: प्रवेश नाही.

"एलिना, पांढरी पडलीस तू," विघ्नेश म्हणाला. "अगं, एक डबा तर आहे."

ती उठून निघाली. पूल ओलांडून रिक्षा पश्चिमेला आली, चर्चचे मनोरे मागे पडले, अरुंद गल्लीत केळीची पाने दोन्ही बाजूंनी रिक्षाला घासू लागली. फाटक तिने स्वतः उघडले. स्पीकर गप्प होता. तिच्या खोलीतला दिवा लागला नाही.

पॉलिन ओटीवर आली. साडीचा पदर नीट करत, परक्या माणसासमोर हसावे तशी ती हसली.

"कोण हवंय तुम्हाला?"

तुम्हाला. एलिनाला पायरीवरच उभे राहावे लागले.

"मम्मी, काय हे? मी आहे."

पॉलिन गोंधळली. तिने डोळे बारीक करून पाहिले. त्यात नाटक नव्हते, रुसवा नव्हता, केवळ एका भल्या बाईचा संकोच होता. "दिसत नाही हो मला नीट. तुम्ही क्लिफर्डच्या ऑफिसातल्या का? मशीनचं काम होतं?"

मोतीबिंदू. नजर अधू झाली आहे, दुसरे काही नाही. पण आवाज? आवाजाला कुठे पडदा येतो?

"हो," एलिना म्हणाली. त्या एका अक्षराचा तिला जन्मभर पश्चात्ताप व्हायचा होता. "मशीनचं."

"या ना मग. मागच्या खोलीत आहे."

खोलीत मच्छरदाणी सोडलेली होती. एलिनाने तिकडे पाहिले नाही. क्लिफर्डच्या खुर्चीत बसून तिने त्याच्या कीबोर्डवर दोनाचे पुन्हा तीन केले. बोटांखालच्या कळा कोमट होत्या. स्क्रीनवर एक नवी ओळ उमटली: घर-दोन, उभा होत आहे.

ती बाहेर येऊन वेताच्या खुर्चीत बसली. पॉलिनने तिच्यासमोर पाहुण्यांच्या नक्षीदार ग्लासात पाणी ठेवले. आता आवाज येईल. आता आई ओळखेल. आता, वेडे, कुठे होतीस, म्हणून पाठीत धपाटा घालेल.

आवाज आला.

"एलिना आली."

पॉलिनचा चेहरा उजळला. पण ती एलिनाकडे पाहत नव्हती. तिची नजर एलिनाच्या खांद्यावरून पलीकडे, फाटकाकडे गेली होती.

"किती गं उशीर केलास!"

मागे पायरीवर कोणीतरी चपला काढल्या. आधी उजवी, मग डावी, किंचित जोरात झटकून. असे झटकण्यावरून एलिनाला लहानपणापासून बोलणी बसत.

तिने मान वळवली नाही.

"ही माझी मुलगी," पॉलिन कौतुकाने म्हणाली, आणि मग, यजमानिणीने चूक सावरावी तसे, समोरच्या पाहुणीकडे वळली.

"आणि तुमचं नाव काय म्हणालात?"