खडू, रेडिओ आणि एक लाईन

वाचनालयाच्या खिडकीसमोरची लाईन काही फार मोठी नव्हती. तरीही तो मागून आला आणि बिनधास्त तिच्या पुढे जाऊन उभा राहिला.

"अहो... म-म—" ती म्हणाली.

त्याने वळून पाहिलं. उंच, हसरा, केस पावसाने भिजलेले. "तुम्ही लाईनमध्ये आहात होय? मला वाटलं नुसत्याच उभ्या आहात."

"म-म—"

"मासिक परत करायचंय? मैत्रिणीची वाट बघताय? मावशींना शोधताय?"

तिने डोळे मिटले, एक श्वास घेतला आणि वाक्य दुसऱ्या टोकाने उचललं. "पुढे मी आहे. मागे तुम्ही."

सगळी लाईन हसली. तोही हसला, कान पकडले आणि निमूट मागे गेला.

खिडकीपाशी आल्यावर तिने भिंतीवरच्या जाहिरातीवर बोट ठेवलं. 'एक शब्द, दोन माणसं' ही वाचनालयाची दरवर्षीची स्पर्धा. पेटीतून एक साधासा इंग्रजी शब्द निघायचा, आपल्या बोलण्यात पाहुणा म्हणून येऊन घरचाच झालेला. दोघांनी आळीपाळीने तो वापरून वाक्यं करायची, दर वेळी नव्या अर्थाने. वाळूच्या घड्याळातली वाळू संपायच्या आत ज्याला वाक्य सुचणार नाही आणि समोरच्याला मात्र आणखी एक सुचेल, तो हरला.

खिडकीतले कारकून चष्म्यावरून बघत म्हणाले, "ही बोलायची स्पर्धा आहे बरं का."

"व-वाचता येतं मला," ती म्हणाली.

मागून त्याचं मोठ्याने हसणं ऐकू आलं. तिला वाटलं, तो आपल्यालाच हसतोय. कान तापले. नाव लिहून ती मागे न बघता निघून गेली.

ती मावशीच्या शिवणाच्या दुकानात कापड बेतायची. बोटांना सदा खडू लागलेला, म्हणून सगळे तिला खडूच म्हणायचे. लहानपणापासून बोलताना अडखळायची. वाक्यात एखादा शब्दच काय तो अडायचा, मग एकदा गाडी सुटली की सुटली. पण समोरच्याला तेवढा धीर नसायचा. म्हणून मावशीने तिचं बेतायचं टेबल पडद्यामागे ठेवलं होतं आणि काउंटर स्वतःकडे. माया होती त्यात, पण तो पडदा खडूच्या डोळ्यांत रोज खुपायचा.

"काउंटरवर मला ब-बसू दे," ती सारखी म्हणायची.

"अगं, गिऱ्हाईक घाईत असतं," मावशी म्हणायची. आणि एकदा वैतागून बोलून गेली, "बरं, ती बोलायची स्पर्धा जिंकून ये. मग काउंटर तुझा!"

मावशीने गंमत केली होती. खडूने ती मनावर घेतली.

दोनच दिवसांनी पडद्यापलीकडून एक आवाज आला. खणखणीत, गोड, कुठेतरी ऐकलेला. "ही पँट आखूड करायची होती..."

अख्ख्या शहराने तो आवाज ऐकलेला होता. बस स्टँडवर कोणती गाडी कुठल्या फलाटावर लागली हे सांगणारा तो आवाज. लोक त्याला रेडिओ म्हणायचे, कारण तो एकदा सुरू झाला की बंद करायचं बटण कुणाला सापडायचं नाही. गेल्या वर्षी ती स्पर्धा त्यानेच मारली होती.

खडूने पडदा बाजूला केला. लाईनीत घुसणारा तोच!

"तुम्ही इथे?" तो खुलला. "त्या दिवशी कारकुनांचं तोंड काय पाहण्यासारखं झालं होतं! मी वाटभर हसत होतो."

म्हणजे तो तिला हसला नव्हता... खडूने उगाचच टेप उचलली आणि उगाचच खाली ठेवली.

"तुम्हाला खडू म्हणतात ना?" तो म्हणाला. "मग खडूस कोण म्हणतं?"

"अजून क-कोणी नाही. तुम्ही सुरुवात करा."

मावशीच्या तोंडातला चहा बाहेर यायचाच बाकी राहिला.

पुढच्या आठवड्यात तीच पँट लांब करायला आली. मग कमरेत घट्ट करायला. मग सैल करायला. शेवटी मावशी म्हणाली, "अहो रेडिओ, त्या पँटला आता कापडच उरलं नाही. काय बोलायचंय ते तसंच बोला!"

बोलायला तो कशाला लाजतोय? गाड्या, गर्दी, चुकलेले प्रवासी, विसरलेल्या छत्र्या, सगळं सांगायचा. खडू बेतता बेतता ऐकायची. ऐकता ऐकता एखादी रेघ वाकडी जायची, मग ती पुसायची. त्याआधी आयुष्यात तिची रेघ कधी वाकडी गेली नव्हती.

एकच खोड होती त्याला. ती अडली की तो तिचं वाक्य स्वतःच पुरं करायचा.

"मला व-व—"

"वेळ नाही? वैताग आलाय? वडापाव हवाय—"

"थ-थांबा!" तिने कात्री टेबलावर आपटली. "माझं वाक्य माझं आहे. शिवायला दिलेलं नाही तुमच्याकडे."

तो गप्प झाला. अगदी गप्प... ओठ दाबून त्याने बटणांचा वाडगा पुढे ओढला आणि बटणांचे रंग वेगळे करत बसला.

"मला वाटलं," ती सावकाश म्हणाली, "तुम्ही आज येणार नाही."

त्याच्या हातातलं बटण तसंच राहिलं. त्या दिवसापासून ती अडली की तो बटणं निवडायचा. महिन्याभरात वाडग्यातला बटणांचा काला पार मिटला आणि खडूला कळून चुकलं, की आपण संध्याकाळी दाराकडे जरा जास्तच बघतोय.

आणि मग त्याने घोळ घातला.

दुपारी वाचनालयाचे कारकून पँट शिवायला टाकायला आले आणि मावशीला सहज म्हणाले, "तुमच्या भाचीसाठी वाळूचं घड्याळ काढून टाकतोय आम्ही. तो रेडिओ येऊन सांगून गेला, तिला वेळ लागतो म्हणून."

खडू तशीच उठली. गळ्यात टेप, बोटांना खडू, पायांत मावशीच्या चपला. तरातरा बस स्टँड गाठलं आणि घोषणा करायच्या त्या काचेच्या खोलीत शिरली.

"क-कोणी सांगितलं तुम्हाला?"

तो खुर्चीतून अर्धवट उठला. "अगं... म्हटलं, तुला बरं पडेल—"

"मला बरं पडेल ते मी ठरवीन! घ-घड्याळ काढून मी जिंकले, तर लोक काय म्हणतील? बिचारी म्हणतील. मला बिचारी व्हायचं नाहीये. मला तुम्हाला हरवायचंय. घड्याळासकट. स-सगळ्यांसमोर. आणि तुम्हाला... तुम्हाला तरी कळायला हवं होतं!"

शेवटचं वाक्य बोलताना तिचा आवाज कापला. बाहेर सगळं चिडीचूप झालं होतं. एवढ्या मोठ्या स्टँडवर एकही फेरीवाला ओरडत नव्हता, हे तिच्या उशिरा ध्यानात आलं. तिने टेबलाकडे पाहिलं. माइकचा लाल दिवा लागलेला होता.

"बरोबर बोलतेय ती!" फलाटावरून एक बाई ओरडल्या. "हरव गं त्याला!" दुसरं कुणीतरी ओरडलं, आणि टाळ्याच सुरू झाल्या. एका ड्रायव्हरने हॉर्न वाजवून पाठिंबा दिला.

खडूने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. अख्खं बस स्टँड ऐकत होतं... आणि ती बोलली होती. अडखळत का होईना, शेवटपर्यंत.

तो माइकवर वाकला. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे," तो म्हणाला, पण त्याचा नेहमीचा गोड आवाज जरा बसला होता. "चूक माझी आहे. घड्याळ राहील. बाकी गाड्या वेळेवर आहेत."

स्पर्धेच्या दिवशी वाचनालयाचं सभागृह गच्च भरलं. अर्धं स्टँडच लोटलं होतं. एकेक जण गळत गेला आणि शेवटी मंचावर दोघंच उरले, खडू आणि रेडिओ. परीक्षक होत्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. त्यांनी पेटीत हात घातला, चिठ्ठी उघडली.

"शब्द आहे, लाईन. सुटा शब्द हवा. हेडलाईन, डेडलाईन असले जोडशब्द चालणार नाहीत. करा सुरुवात."

वाळूचं घड्याळ उलटं झालं.

"तिकिटासाठी ही भली मोठी लाईन लागली," रेडिओने गडगडाट केला.

"अं... फोनची लाईन कट झाली." तिने सुरुवातीला तो हलकासा 'अं' सोडला की पुढचं वाक्य घसरगुंडीवरून यावं तसं यायचं. पडद्यामागे बसून तिने हेच घोटलं होतं.

"वायरमन म्हणाला, झाड पडलंय, आधी लाईन बंद करा."

"फोनची आणि विजेची, दोन्ही तारांचीच की," कुणीतरी हरकत घेतली. बाई म्हणाल्या, "एकीतून माणूस बोलतो, दुसरीला हात लावला तर बोलायचा थांबतो. अर्थ वेगळा!"

"अं... कापडावर आधी खडूने सरळ लाईन मारावी लागते."

रेडिओच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. तो प्रेक्षकांकडे नाही, तिच्याकडे वळला. "कापडावरच मारावी लागते असं काही नाही. गेले दोन महिने एका शिवणाच्या दुकानात मी लाईन मारतोय, आणि माझ्या हातात खडू नाही."

सभागृह कोसळलं. शिट्ट्या, टाळ्या, पहिल्या रांगेत मावशीने पदरात लपवलेलं तोंड... खडूचे गाल पेटले. वाळू मात्र पडतच होती.

"अं... पण ती मुलगी त्याला लाईन देत नाही."

असा हशा त्या छपराने कधी ऐकला नसेल. बाईंनी टेबल बडवून शांतता केली आणि गंभीरपणे निकाल दिला, "मारणं एकाचं, देणं दुसऱ्याचं. दोन वेगळे अर्थ. चालू द्या!"

आता खरी जुंपली. नटाला ऐन प्रवेशात आपली लाईन आठवेना, असं तो म्हणाला. शिवणकाम माझी लाईन आणि बडबड त्यांची, असं ती म्हणाली. त्याने गोलंदाजाची लाईन चुकवली, तिने दोन गावांमध्ये रेल्वेची नवी लाईन टाकली. त्याने कंपनीची चपलांची नवी लाईन बाजारात आणली, तिने पक्षाची लाईन सोडणाऱ्या पुढाऱ्याला घरी बसवलं. त्याने बढतीसाठी साहेबाकडे लाईन लावली. ती म्हणाली, बोटीवरून गळाची लाईन सोडली की मासा लागतो.

आणि रेडिओ थांबला.

त्याने तोंड उघडलं. मिटलं. "लाईन..." तो म्हणाला, "लाईन..." कपाळावर घाम आला. शहराने कधी न पाहिलेलं दृश्य होतं ते. शेवटचा कण खाली पडला.

"खडूताई," बाई म्हणाल्या, "आणखी एक वाक्य दिलंत, तर जिंकलात."

घड्याळ उलटं झालं. तिला वाक्य माहीत होतं. "ब-ब—" पण शब्द दाराशीच अडला. "ब-ब—" सभागृहाने श्वास रोखला. मावशी खुर्चीच्या कडेवर आली. वाळू सरसर पडत होती. खडूने त्याच्याकडे पाहिलं. तो ओठ घट्ट दाबून उभा होता, एक अक्षरही पुरवत नव्हता. तिच्यासारखाच तोही वाट बघत होता... तिने ते 'बडबड्या' सोडून दिलं. खांदे सैल केले.

"ह्याला मी लाईनवर आणलं," ती म्हणाली. सरळ, स्वच्छ, एकाही गाठीशिवाय.

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग बाई स्वतः उभ्या राहिल्या आणि मागोमाग सगळं सभागृह. मावशी रडत होती, हसत होती आणि शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होती, "माझी भाची! उद्यापासून काउंटरवर बसणार आहे ती!"

बाहेर पायऱ्यांवर पाऊस भुरभुरत होता. गर्दीतून वाट काढत तो आला.

"मुद्दाम हरलात?" तिने विचारलं. नजर अशी, की खोटं बोलायची सोय नव्हती.

"आईशप्पथ नाही. हरायला मला आवडत नाही." त्याने केसांतलं पाणी झटकलं. "तू म्हणालीस ना, ती मुलगी लाईन देत नाही... त्यानंतर डोक्यात दुसरं काही येईचना. चपला कशा सुचल्या तेच कळत नाहीये."

"ती स्पर्धा होती."

"म्हणजे... खरं नव्हतं ते?"

खडू हसली. "रविवारी त-तुझे आईबाबा घरी असतात?"

ते 'तुझे' त्याला ऐकू आलं. एवढा बोलका माणूस, नुसती मान हलवत राहिला.

रविवारी ती आली ती मावशीला घेऊन. त्याची आई पाणी घेऊन आली, बाबांनी पेपर बाजूला ठेवला. रेडिओने घसा साफ केला. "आई, त्याचं असं आहे की—"

"तू थांब," खडू म्हणाली. "हे म-मी बोलणार."

कुणी घड्याळाकडे पाहिलं नाही. ती अडली, थांबली, पुन्हा निघाली, आणि तिला हवा तेवढा वेळ तिने घेतला.

"मी म-मागणी घालायला आलेय. तुमचा मुलगा खूप बोलतो. पण माझं बोलणं संपेपर्यंत थ-थांबायला तो शिकलाय, आणि असं थांबणारं माणूस मला आजवर भेटलं नव्हतं. मला तो आवडतो. मला तो हवाय."

आईने डोळे पुसले आणि नवऱ्याकडे पाहिलं. बाबा इतकी वर्षं त्या घरात एक वाक्य धड पुरं करू शकले नव्हते. ते पुढे सरकले, सुनेच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "ने बाई. आजच नेलास तरी आमची हरकत नाही."

सगळे हसले, मावशी सर्वांत मोठ्याने. सगळ्या शहराचा आवाज मात्र कोपऱ्यात उभा होता, डोळे भरलेले, आणि त्याच्या तोंडून एक शब्द फुटत नव्हता. खडूने जाऊन त्याचा हात धरला आणि त्याला सुचेपर्यंत मजेत वाट बघत उभी राहिली.