एक कप्पा पुढे

स्टोरेज सांभाळणाऱ्या माणसाचं काम म्हणजे काही घडत नाही ना, हे दिवसभर बघत बसणं. खान्देशातल्या अकरा तपासणी केंद्रांची सोनोग्राफी आणि एक्स-रेची चित्रं आमच्या जळगावच्या मशीनमध्ये साठवली जातात. एक चित्र उघडायला किती वेळ लागतो, याची एक रेघ माझ्या पडद्यावर सरकत असते. ती सपाट असली की मी चहा पितो. वर उठली की सगळी कंपनी मला शोधत येते. बारा वर्षं हेच चाललंय, त्यामुळे भुताखेतांवर विश्वास ठेवायला मला कधी सवड मिळाली नाही.

या साठ्याची नक्कल धुळ्याला असते, देवपुरातल्या एका इमारतीत. जळगावात आग लागली तरी रुग्णांची चित्रं शाबूत राहावीत, एवढाच तिचा उपयोग. जळगावात लिहिलेलं धुळ्यात उतरतं. धुळ्यातलं जळगावात येऊ शकत नाही. ही एकेरी वाट मी स्वतः बांधली आहे, म्हणून एवढ्या ठामपणे सांगतो.

धुळ्याची बाजू जीवराम नाना बघायचे. मला हे काम त्यांनीच शिकवलं. मी नवा लागलो तेव्हा मशीनकडे बघून हात जोडायचो, यावरून ते मला अजून चिडवतात. माझी बायको मोहिनी आजारी पडली तेव्हा सात महिने दर रविवारी ते धुळ्याहून एसटीनं यायचे, तिच्या उशाशी बसायचे. तिला खांदा देताना माझ्या शेजारी तेच होते. त्यांची लेक रत्ना जळगावातच दिलेली. मोहिनी गेल्याला दोन वर्षं झाली, पण दर गुरुवारी रत्नाच्या घरून मला डबा येतो. सख्ख्या भावाबहिणींनी केलं नसतं, असं मी चारचौघांत सांगायचो.

वर्षातून एकदा, एप्रिलमध्ये, जळगावचा जुना साठा आणि धुळ्याची नक्कल शेजारी ठेवून ताडून पाहतात. मागची दोन वर्षं ते नानांनी केलं आणि सगळं जुळतंय असं फोनवर आपल्या अहिराणीत कळवलं, "बठ्ठं बराबर शे." यंदा साहेबांनी ते माझ्याकडे दिलं.

मी काम सुरू केलं आणि धुळ्याची रेघ वर उठली. चार मिलिसेकंदांच्या जागी आठ. सात नाही, नऊ नाही, नेमके आठ.

दुप्पट म्हटल्यावर कारण उघड होतं. मशीन प्रत्येक नावाचं चित्र एका कप्प्यात ठेवते. त्या कप्प्यात ते नसलं तर पुढच्या कप्प्यात बघते. म्हणजे धुळ्यातली चित्रं एकेक कप्पा पुढे सरकली होती. फरशी बसवताना पहिली चुकली की भिंतीपर्यंत सगळ्या चुकतात, तसं. मी चुकलेली पहिली फरशी शोधायला बसलो. बाहेर बेचाळीस अंश ऊन होतं आणि मशीनच्या खोलीत मी स्वेटर घालून बसलो होतो.

तीन वर्षांपूर्वीच्या सतरा ऑगस्टपर्यंत सगळं जुळत होतं. त्या दिवशी मध्येच एक कोरा कप्पा होता. जळगावच्या मूळ साठ्यात तो नव्हता. तिथून पुढची एक्केचाळीस हजार चित्रं धुळ्यात एकेक घर सरकलेली.

कोऱ्या कप्प्यावरचं नाव रत्नाचं होतं. त्यापुढचं नाव मोहिनीचं.

मला तो दिवस आठवला. कंपनीनं घरच्या माणसांसाठी फुकट तपासणी ठेवली होती. यादी नानांनी आपल्या हातानं लिहिली होती. रत्ना आणि मोहिनी एकाच रिक्षानं गेल्या होत्या, येताना शेव घेऊन आल्या होत्या. चार दिवसांनी मोहिनीचा रिपोर्ट आला. यकृतावर लिंबाएवढी गाठ.

धुळ्यातला मोहिनीचा कप्पा मी उघडला. गाठ होती. सोनोग्राफीच्या चित्रात रुग्णाचं नाव कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांत छापलेलं असतं, ते नंतर पुसता येत नाही. तिथं छापलं होतं: रत्ना, वय २८.

मग मी जळगावचं मूळ चित्र उघडलं. तीच गाठ, तीच वेळ, अकरा वाजून वीस मिनिटं. दोन्ही चित्रं एकावर एक ठेवली तर सावलीची कड ठिपक्याला ठिपका जुळत होती. फक्त कोपऱ्यात छापलं होतं: मोहिनी, वय ३४.

रिपोर्टांची अदलाबदल झाली असेल, हा पहिला विचार कोणीही करेल. मीही केला. पण मोहिनीचं पोट उघडलं तेव्हा डॉक्टरांना गाठ हाताला लागली होती. ती कागदावरची नव्हती. आणि रत्नाला त्यानंतर मुलगी झाली, ती आता दीड वर्षाची आहे. रत्नाला साधी सर्दी झाल्याचं मला आठवत नाही.

यादीतली पुढची नावं मी उघडली नाहीत. बाकीच्यांचं काय झालं, ते बघायची माझी हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरून धुळ्याला गेलो. एरंडोल, पारोळा कधी मागे पडलं कळलं नाही. नाना मशीनच्या खोलीत एकटेच होते. मला बघून त्यांनी स्टूल पुढे सरकवलं.

"नाना, सतरा ऑगस्टला मध्ये कोरा कप्पा कोणी घातला?"

कोणत्या वर्षाचा ऑगस्ट, हे त्यांनी विचारलं नाही.

"मीच टाका," ते म्हणाले. भिंतीला टेकले. मग म्हणाले, "रत्नाना फोटोमा गाठ दखी. वाटनं, नक्कलमा तरी मनी पोरना नाववर हाई नको. दुसरं काय करता येत व्हतं माले?"

"मग?"

"सकाळे जळगावमा दखं. रत्नानं बठ्ठं साफ."

"आणि मोहिनीचं?"

"कसं व्हयनं, माले ठाव नही, तेजस. कानबाईनी आन."

कुलदेवीच्या त्या शपथेवर माझा विश्वास बसला. तेही माझ्याइतकेच चक्रावले असणार. पण मला दुसरंच विचारायचं होतं.

"कप्पा घालायच्या आधी पुढचं नाव कोणाचं आहे, ते पाहिलं होतं तुम्ही?"

मशीनचे पंखे घुमत होते. नानांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, परत घातला.

"दखं व्हतं," ते म्हणाले.

"सात महिने होते, नाना. तो कप्पा कधीही काढता आला असता. दर रविवारी येत होतात तुम्ही. तिच्या हातचं पाणी पीत होतात."

"काढता तं रत्ना..." ते तिथंच थांबले. मग म्हणाले, "बाप शे मी."

माणूस केसानं गळा कापतो म्हणतात ते असं असतं. त्यांनी मोहिनीचं डोकं मांडीवर घेऊन तिला मोसंबीचा रस पाजला होता आणि तिला ते का झालंय, हे त्या घरात फक्त त्यांना माहीत होतं. मला त्यांना मारावंसं वाटलं. खरोखर, हात उचलून. त्याऐवजी मी स्टूल जागेवर ठेवलं आणि परत आलो.

जळगावात पडद्यावर मशीनचा प्रश्न तसाच होता: कप्पे जुळवून घ्यायचे का? हो म्हटलं की तो कोरा कप्पा निघणार आणि सगळं एकेक घर मागे येणार. गाठही.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी त्या प्रश्नासमोर बसलो. मोहिनी परत येणार नव्हती, एवढं मला कळत होतं. गुरुवार होता. एक वाजता डबा आला. कळण्याची भाकरी आणि भरीत, वर रत्नाची चिठ्ठी: भाऊ, मिरची कमी घातली आहे.

मी 'नाही' दाबलं. साहेबांना सांगितलं, धुळ्याचं मशीन जुनं झालंय, थोडं हळू चालणार. नानांनी फोनवर रडत शपथ घेतली की पुन्हा त्या साठ्याला बोट लावणार नाही. दुधानं तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात. मी फुंकलं नाही. त्यांचा अधिकार तेव्हाच काढून घ्यायला हवा होता, पण मला त्यांची कीव आली.

जुलैत एका शनिवारी कर्मचाऱ्यांची तपासणी झाली. नाना धुळ्याहून त्यासाठी आले. माझ्याशी फार बोलले नाहीत. हृदयाची सोनोग्राफी करताना डॉक्टर मला म्हणाले, घोड्यासारखे आहात, पुढच्याला पाठवा.

सोमवारी सकाळी धुळ्याची रेघ बारावर होती.

आठ नाही, बारा. म्हणजे तीन कप्पे उघडावे लागत होते.

मी जुळणी लावली. दुसरा कोरा कप्पा शनिवारचा होता. त्यावरचं नाव जीवराम.

पुढचं नाव माझं.

माझा कप्पा उघडला. एक सुजलेलं हृदय, एका बाजूनं जेमतेम हलणारं. कोपऱ्यात छापलं होतं: जीवराम, वय ५७.

जळगावचं मूळ चित्र उघडायला मला पाच मिनिटं लागली. मशीनला चार मिलिसेकंद लागले. तेच हृदय. कोपऱ्यात: तेजस, वय ३९.

यादी या वेळीही त्यांच्याच हातची होती. पुढचं नाव त्यांनी पाहिलं असणार. ते नेहमी पाहतात.

मी कप्पे जुळवण्याचा आदेश दिला. धुळ्याच्या मशीननं माझा पासवर्ड घेतला नाही. पुन्हा दिला. शनिवारी दुपारी तो बदलला गेला होता.

जिन्यात पावलं वाजली.

आमच्या इमारतीची लिफ्ट बंद आहे. गेल्या दिवाळीत हे तीन मजले चढताना नाना दोनदा पायरीवर बसले होते. आता ते दारात उभे होते आणि त्यांच्या कपाळावर घामाचा थेंब नव्हता.

"जेवना का रे, भो?" त्यांनी विचारलं.

त्यांना खुर्ची द्यायला मी उठलो आणि मला टेबल धरावं लागलं.