परक्या मापाचे कोट

शिवणखोलीत सहा पुतळे होते. पुतळे म्हणजे भुसा भरलेली, बिनडोक्याची कापडी धडं, लाकडी पायावर उभी. त्या सरदार घराण्याची रीतच होती. सून घरात आली की आठवड्याच्या आत तिच्या मापाचा पुतळा करायचा, गळ्यात तिच्या नावाची चिठ्ठी बांधायची आणि तिचे कपडे जन्मभर त्यावरच बेतायचे. ती गेली तरी पुतळा तिथेच राहायचा. त्याच्या अंगावर दुसऱ्या कुणाचं काही चढवायचं नाही.

पाचजणी कधीच गेल्या होत्या. सहावा पुतळा सासूबाईंचा. सूनबाईचा झालाच नाही, कारण तिचं लग्न ऐन लढाईत लागलं आणि पुतळे करणारा कारागीर तेव्हा आघाडीवर होता. "लढाई संपली की करू," सासूबाई म्हणाल्या होत्या. लढाई संपली, सरकार बदललं, मग आणखी एकदा बदललं, पुतळा राहिला तो राहिलाच. सूनबाईला त्याचं काही वाटत नव्हतं. ती शाळेत भूमिती शिकवायची आणि भुशात तिला भुसाच दिसायचा.

त्या पाचजणींबद्दल मात्र सांगावं तेवढं थोडं. एक जण शत्रूचं सैन्य घरात शिरलं तेव्हा बंदूक घेऊन तीन दिवस जिन्यात बसली होती, वर कुणाला जाऊ दिलं नाही. दुसरीने स्वतःच्या भावाला दारातून परत पाठवलं, कारण तो पलीकडच्या बाजूला मिळाला होता. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. या घरातला पीळ बायकांकडेच होता.

नव्या सरकारचा हुकूम आला तो असा: महिनाअखेर फौजेसाठी चाळीस ओव्हरकोट शिवून द्या. दिलेत तर छावणीत कैदेत असलेला सासूबाईंचा मुलगा, म्हणजे सूनबाईचा नवरा, सुटेल. नाही दिलेत तर नाही. नाक दाबलं की तोंड उघडतं, हे सरकारला चांगलं ठाऊक होतं.

सूनबाईने पुतळ्यांना खांद्यावर आणि छातीवर कापूस बांधून पुरुषी माप दिलं आणि पहिला कोट चढवला.

"काढ तो," सासूबाई दारातून म्हणाल्या. "त्यांना विचारलंस?"

"आई, भुशाला काय विचारायचं? तुमचा मुलगा तिथे थंडीत कुडकुडतोय."

सासूबाई आत आल्या. सुई घेऊन काजं करायला बसल्या, पण स्वतःच्या पुतळ्याला त्यांनी हात लावू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बांधलेला कापूस जमिनीवर होता. पडलेला नव्हता, घड्या घालून ठेवलेला होता. सूनबाईला वाटलं, हे सासूबाईंचंच काम. तिने पुन्हा बांधला. रोज बांधला, रोज सकाळी घड्या.

मग मापं चुकायला लागली. अडतीसची छाती कापावी, शिवावी, आणि गठ्ठा बांधताना मोजावी तर सदतीस. तिने टेप लाकडी पट्टीशी ताडून पाहिली. टेप बरोबर होती. लोकर आटत असेल म्हणून कापडाचा तुकडा भिजवला, वाळवला. तो होता तेवढाच राहिला. शेवटी तिने मोजणंच सोडून दिलं. महिनाअखेर चाळीस कोट गेले.

कोट गेल्यावर बाराव्या दिवशी दुपारी छावणीचा कारकून आला. त्याने टेबलावर एक कोट ठेवला. पाठीतून वरपासून खालपर्यंत कात्रीने कापलेला.

"बटणं निघेनात," तो म्हणाला.

"कुणाचा?" सासूबाईंनी विचारलं.

"मोठ्या साहेबांचा. तुमच्या मुलाच्या सुटकेवर सही केली आणि मग घातला." तो पुतळ्यांकडे बघायचं टाळत होता. "आणखी कोट शिवू नका, एवढंच सांगायला आलोय. मुलगा आज येतोय. नऊजण सुटलेत, ट्रक निघालाय."

सूनबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. हसूही आलं.

"थंडी फार आहे," कारकून जाता जाता म्हणाला, "म्हणून सगळ्यांना वाटेसाठी एकेक कोट दिलाय."

ती कात्री घेऊन धावत सुटली. उतार उतरून नाक्यावर पोचली तेव्हा ट्रक आलेला होता. नवरा एकटाच खाली उतरला, हडकलेला, दाढी वाढलेली, गळ्यापर्यंत कोट. तिने काही न बोलता पहिल्या बटणाला हात घातला. बटण सहज निघालं. दुसरंही, तिसरंही. तिच्या हातातली कात्री चिखलात पडली आणि ती त्याला बिलगून लहान पोरीसारखी रडली.

"अगं, शालही घेतली नाहीस?" त्याने कोट काढून तिच्या खांद्यांवर टाकला. "चल. आई वाट बघत असेल."

दोघं चढ चढायला लागली. कोट उबदार होता.

"बाकीचे आठजण?" थोड्या वेळाने तिने विचारलं.

"झोपलेत. ड्रायव्हर हाका मारतोय, उठत नाहीत." तो थांबला. "मलाही वाटेत गुंगी आली होती. छाती आवळल्यासारखी झाली, आणि कानाशी कुणीतरी म्हातारं माणूस बोललं. विचारलं, कुणाचा रे तू?"

"मग?"

"आईचं नाव सांगितलं, आजीचं सांगितलं. लगेच सैल झालं. स्वप्नच असणार."

तिने घाईघाईने कोट झटकायला हात वर केले. हात वर होईनात.

तिने खाली पाहिलं. कोट तिच्या खांद्यांवर नुसता टाकलेला होता. आता हात बाह्यांत होते आणि बटणं लागलेली होती. सगळी, गळ्यापर्यंत.

नवरा चार पावलं पुढे गेला होता. वर शिवणखोलीची खिडकी उघडी होती आणि तिथे सासूबाई उभ्या होत्या.

तिच्या कानाशी कुणीतरी अगदी मायेने विचारलं,

"आणि तू गं? तू कुणाची?"