आम्हाला दिसतंय

चावी घ्यायला मी एकटीच उतरले. धाकटी गाडीतच बसून राहिली, कारण दिवस कलायला लागला की माझी बहीण अनोळखी जागी पाय खाली टाकत नाही. तिच्या डोळ्यांचा पडदा आतून विरत चाललाय. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, आधी रात्रीचं जाईल, मग कडेकडेचं, मग सगळंच. रात्रीचं जवळजवळ गेलेलंच होतं. म्हणून तिचा हट्ट, की पुरतं जायच्या आत एकदा आकाशभर तारे बघायचे. शहरात कुठले आलेत तारे? मग मी हे कॉटेज शोधून काढलं. आसपास ना रस्त्यावर दिवे, ना दुकानांच्या पाट्या. तारे बघणाऱ्यांसाठी मुद्दाम राखलेला अंधार.

आणि मी घाबरणारी बाई नाही, हे आधीच सांगून ठेवते. मी गाडी चालवायला शिकवते. रोज कुणीतरी नवशिका मला ट्रकखाली घालायला निघालेला असतो आणि मी शेजारी शांतपणे बसलेली असते. माझ्या पायाखाली जादा ब्रेक असतो. त्यापुढे भुतंखेतं म्हणजे किस झाड की पत्ती.

कॉटेज सांभाळणाऱ्या मावशींनी चावी दिली आणि काचेवर लाल कागद चिकटवलेली बॅटरी दिली.

"अंधार पडला की बाहेर हीच वापरा," त्या म्हणाल्या. "मोबाइलसुद्धा उघडू नका. डोळे अंधाराला सरावायला वेळ लागतो, आणि पांढरा उजेड पडला की ये रे माझ्या मागल्या."

दिवस मावळल्यावर मागच्या गवतात मी दोन कापडी आरामखुर्च्या टाकल्या. धाकटीला हाताला धरून बसवलं. चंद्र नव्हता. आधी एकदोन, मग दहावीस, आणि मग इतके तारे वर आले, की माझी टकळी आपोआप बंद पडली.

"दिसतंय का गं?"

"काळं दिसतंय. नुसतं काळं."

आम्ही थांबलो. गवतात काहीतरी किरकिरत होतं, तेही थांबलं.

"ताई, तू सांग ना, कसे आहेत ते."

मला काय सांगता येणार, कपाळ? "इकडे पुष्कळ आहेत, तिकडे जरा कमी," असं मी म्हटलं. ती हसली आणि हसता हसता रडायला लागली. "उशीर झाला आपल्याला, ताई," म्हणाली. चहा टाकते म्हणून मी आत पळाले. हो, पळालेच.

पडदे ओढलेले होते. आधणाचा आवाज सोडला तर स्वयंपाकघरात काही हलत नव्हतं. मग बाहेरून धाकटीचा आवाज यायला लागला. हळू, गप्पा मारतात तसा. मध्येच थांबायची, कुणाचं तरी ऐकून घ्यायची, पुन्हा बोलायची. मी गॅस बंद केला.

"ताई... ये ना," तिने हाक मारली. "आम्हाला दिसतंय."

हातातला कप हातातच राहिला. अगं, मला दिसतंय म्हण. आपल्याला दिसतंय म्हण. मला धरून बोलायचं तर 'आपण', मला वगळून बोलायचं तर 'आम्ही'. बोबडं बोलणारं पोरसुद्धा यात चुकत नाही. आणि बाहेर ती एकटी होती.

मी लाल बॅटरी घेऊन गेले. बाहेर गारवा होता आणि विहिरीत वाकून बघितल्यावर येतो तसा वास. धाकटी मान वर करून बसली होती. तिचा एक हात माझ्या खुर्चीच्या दांडीवर होता, तळवा वर, बोटं कशाभोवती तरी मिटलेली. आणि माझ्या रिकाम्या खुर्चीचं कापड खाली ताणलेलं होतं.

"तो बघ, तुटला," ती म्हणाली.

मी वर पाहिलं. काही नव्हतं. आणि मग एक तारा सरकन निखळला.

"आता तिकडे. त्या झाडावर..."

पुन्हा तसंच. आधी ती सांगायची, मग तो तुटायचा.

"कुणाशी बोलतेयस तू?"

"हळू बोल ना..."

मी खिशातून मोबाइल काढला. अंगठा दिव्यावर ठेवला. ब्रेक कधी मारायचा हे मला कुणी शिकवायला नको.

"नको, ताई," ती कुजबुजली. "दिवा लावलास तर ते जातील... आणि माझं दिसणंही जाईल. तुझा चेहरासुद्धा दिसतोय मला. किती घाबरलीयस तू."

घाबरले होते, खोटं कशाला बोलू. पण कित्येक महिन्यांनी माझी बहीण अंधारात माझ्या डोळ्यांत बघून बोलत होती. मी मोबाइल खिशात टाकला.

"बस ना," ती म्हणाली.

"बसू कुठे?"

"तुझ्याच खुर्चीत. ते... सरकलेत थोडे."

'ते' म्हणाली, म्हणजे कुणीतरी एक मानाचं, वयाचं माणूस असणार, असं मी धरून चालले. जन्म गेला दुसऱ्याच्या शेजारी बसण्यात, म्हटलं, हेही होऊन जाऊ दे. बसले. दंडापासून गुडघ्यापर्यंत माझी उजवी बाजू गार पडली. धाकटी मात्र बोट करकरून मला आकाश दाखवत राहिली, आणि इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती.

परत आल्यावर डॉक्टरांनी तपासलं. काडीचाही फरक नाही, म्हणाले. धाकटी नुसती गालात हसली. कारण संध्याकाळी दिवे मालवून मी तिच्याजवळ बसले की तिला सगळं दिसतं. भिंतीवरची पाल दिसते, माझ्या कुर्त्यावरचा डाग दिसतो. मी उठले की काळं. एकदा मी पाणी आणायला निघाले, तर म्हणाली, "जाऊ नकोस गं, तू गेलीस की तेही उठतात."

म्हणजे ते माझ्याबरोबर आलेत. येऊ देत. उजवीकडे गारठा असतो, मी स्वेटर घालते. धाकटीला दिसतंय तोवर मी कुणालाही ऊठ म्हणणार नाही.

परवा एक निवृत्त मास्तर शिकायला आले. सीट पुढे घेतली, पट्टा लावला, आरसा नीट केला. आरशात बघून अदबीने मान लववली.

"मॅडम, मागच्यांनीही पट्टा लावायचा असतो ना?"

मी मागे वळले नाही. "सगळ्यांनी लावायचा," मी म्हटलं.

मागून खट् असा आवाज आला. मग आणखी एक. मग आणखी एक.