सहाव्या डावातला रिकामा चौकोन

शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजून बावन्न मिनिटांनी, बेसबॉलच्या सामन्याचा पहिलाच डाव चालू असताना, ओरिन हॅल्व्हर्सन चौथ्या रांगेतल्या बाराव्या खुर्चीत येऊन बसला. त्याच्या डोक्यावर नदीपलीकडच्या मार्लो संघाची लाल टोपी होती.

अकराव्या खुर्चीत बसलेल्या टेसा कुबिचेकची पेन्सिल थांबली. अल्डेन फेरी गावाच्या मैदानात लाल टोपी... आणि तीही बाबांच्या खुर्चीत! बाबा गेल्यापासून चार वर्षं ती दोन तिकिटं काढून एकटीच बसत होती. यंदा मन घट्ट करून तिने ती खुर्ची सोडली, तर तीन सामन्यांच्या मालिकेसाठी नेमका नदीपलीकडचा माणूस उगवला.

"वाट चुकलात वाटतं," ती म्हणाली. "पाहुणे पलीकडच्या बाजूला बसतात."

"तिकडे ऊन डोळ्यांवर येतं." त्याने तिच्या मांडीवरच्या वहीत डोकावलं. "पेन्सिलीने? अख्खा सामना?"

"एक फलंदाज, एक चौकोन. कसा पळाला, कसा बाद झाला, सगळं."

"आणि एखादा राहून गेला तर?"

"बाबांचा एकोणीस वर्षांत राहिला नाही. माझा चार वर्षांत नाही."

मागच्या रांगेतल्या बर्निस आजी सॉसेजवर मोहरीची चटणी ओतत म्हणाल्या, "टेसा, शत्रूशी तहाची बोलणी नंतर कर गं. आपला माणूस दुसऱ्या बेसवर आलाय."

त्या दिवशी मार्लो सहा-दोनने जिंकली. ओरिनने उठताना टोपी किंचित उचलली. "उद्या भेटू."

"नाइलाज आहे," टेसा म्हणाली.

शनिवारी तो शेंगांच्या दोन पिशव्या घेऊन आला. टोपी खिशात होती. सातव्या डावाच्या मध्यावर रिवाजाप्रमाणे सगळं मैदान उठून गायला लागलं, तेव्हा तोही गायला... मोठ्याने आणि भलत्याच पट्टीत. टेसाला हसू आवरेना.

"तुझा सूर येताना पुलावरून पडला का रे?"

"पडला असेल. तू शोधायला येतेस?"

अल्डेन फेरी तीन-एकने जिंकली. मालिका बरोबरीत आली. निघताना त्याने पैज मांडली. उद्या मार्लो जिंकली, तर टेसाने पलीकडे जेवायला यायचं. तो स्वतः मासे तळणार.

"आणि आम्ही जिंकलो तर?"

"तर पुढच्या वर्षीपासून मी निमूट तिकडे, उन्हात बसेन."

टेसाने हात पुढे केला. घरी जाताना मात्र तिची पावलं मंदावली. जन्मापासून अल्डेन फेरीची निळी टोपी घालणारी ती... उद्या मार्लो जिंकावी असं तिला वाटत होतं! बाबांनी ऐकलं असतं तर?

रविवारी दुपारी एक वाजून पाच मिनिटांनी सामना सुरू झाला. सहाव्या डावात मार्लोची फलंदाजी चालू असताना पहिले थेंब पडले. ओरिनने झटकन जाकीट काढून वहीवर धरलं. तिच्यावर नाही, वहीवर. तो स्वतः भिजत राहिला. त्याच्या भुवईवर एक थेंब अडकला होता... पडेल पडेल म्हणत टेसा त्याच्याकडे बघत राहिली. आणि तो तिच्याकडे.

मैदानात एकच आरडाओरडा झाला.

"काय झालं?" ती दचकली.

फलंदाज मान खाली घालून परत चालला होता. बाद झाला एवढं दिसत होतं. कसा, ते नाही.

"मला काय माहीत? मी वही सांभाळत होतो."

"खोटारड्या! तू वहीकडे बघतच नव्हतास."

"हे तुला कसं कळलं?"

टेसाच्या कानांच्या पाळ्या तापल्या. ती गर्रकन मागे वळली. "आजी, कसा बाद झाला हो तो?"

"मला विचारू नकोस," बर्निस आजी शांतपणे म्हणाल्या. "मी तुम्हा दोघांना बघत होते."

ओरिनने पुढच्या रांगेकडे हात केला. "थांब, कुणाला तरी विचारतो..."

"नको." टेसाने पेन्सिलीचं टोक त्या चौकोनावर ठेवलं, मग उचललं. "राहू दे रिकामा."

ओरिनने जाकीट आणखी थोडं पुढे सरकवलं.

आठव्या डावात पावसाने जोर धरला. मैदानावर ताडपत्री ओढली गेली. पाच वाजून दहा मिनिटांनी घोषणा झाली: सामना स्थगित. उरलेला खेळ नऊ ऑगस्टला, मार्लोच्या मैदानात, इथूनच पुढे.

"म्हणजे पान पूर्ण करायला तुला यावंच लागणार," ओरिन म्हणाला. "पैज कोणीही जिंको."

"सहा आठवडे आहेत अजून."

"तेच तर..."

टेसाने वही त्याच्या जाकिटात गुंडाळली आणि छातीशी धरून पायऱ्या उतरली. जाकीट त्याने मागितलं नाही. तिने दिलं नाही.

सोमवारी सकाळी पावणेनऊला फोनवर त्याचा निरोप आला: "बुधवारी संध्याकाळी सहाला मासे तळतोय. की ऑगस्टपर्यंत थांबू?"

शेवटची बातमी हाती आली तेव्हा गुणफलक चार-चार होता. आठवा डाव, दोन बाद, अल्डेन फेरीचा एक माणूस दुसऱ्या बेसवर. जाकीट टेसाच्या दारामागे वाळत होतं. निरोपाला उत्तर गेलेलं नव्हतं. दोनदा लिहून तिने दोनदा खोडलं होतं.